उंच अंडी, भरली हंडी

बोरमाळ नावाचं एक जंगल होतं आणि त्या जंगलाच्या मधोमध एक तळं होतं. तळ्यात पाणी होतं. हे दुसरं वाक्य पूर्वी मुद्दाम सांगावं लागत नसे.

पाणी गोडं होतं. हरणं ते प्यायची, म्हशी त्यात डुंबायच्या, रानडुकरं काठच्या चिखलात लोळायची. होळी झाली की लोळण्याच्या पाळ्या लागत. डुकरांनी एक दिवस आड, म्हशींनी दोन दिवस आड, आजारी जनावराला केव्हाही मुभा. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे सगळे तो पाळायचे.

आधी तिथे वाघाचं राज्य होतं. वाघ आठवड्याला एक प्राणी खायचा. पुढे काळ बदलला, लोकशाही आली, निवडणूक लागली आणि गवा उभा राहिला. गवा म्हणजे अवाढव्य जनावर, पण भाषण त्याने अगदी साधं केलं.

"बंधू-भगिनींनो, मी तुमच्यातल्या कुणाला खाल्लं आहे का?"

"नाही!"

"कधी खाईन का?"

"नाही!"

"मी गवत खातो," गवा म्हणाला आणि गहिवरला. प्राणीही गहिवरले. हरिणींनी आपल्या पाडसांना पुढे ढकलून गव्याचं तोंड जवळून दाखवलं. गवा प्रचंड मतांनी निवडून आला आणि त्याचे गवेसाहेब झाले. ते काय खातात हे सगळ्यांनी नीट विचारून घेतलं होतं. काय पितात आणि किती पितात, हे विचारायचं राहून गेलं.

लोकशाही आली तसं विद्यापीठही आलं. गवेसाहेबांना गवत या विषयात मानद डॉक्टरेट द्यायची होती, म्हणून ते जरा घाईने काढलं होतं. पण एकदा काढल्यावर आणखी विभाग उघडणं भागच होतं. गवत विभागाला अख्खा वड मिळाला. गोडे पाणी विभागाला तळ्याकाठचं एक जांभळीचं झाड मिळालं आणि एक हंगामी संशोधक मिळाली. तिचं नाव टिटवीबाई.

कुलगुरू होते करकोचे सर. ते कायम एका पायावर उभे असत, दुसरा पाय पोटाशी घेतलेला. कोणत्याही वादात आपण तो पाय खाली टेकवलेला नाही, असं ते दीक्षान्त भाषणात अभिमानाने सांगायचे.

टिटवीबाईंची नेमणूक अकरा महिन्यांची होती. असे अकरा महिने त्यांचे अकरा वेळा झाले होते. नेमणूकपत्रात कामं दोनच लिहिलेली, संशोधन आणि विस्तार. संशोधन म्हणजे तळ्यातलं पाणी मोजायचं. विस्तार म्हणजे जे मोजलं ते प्राण्यांमध्ये जाऊन समजावून सांगायचं. पहिलं काम कष्टाचं होतं. दुसरं अपमानाचं होतं. टिटवीबाई दोन्ही मनापासून करायच्या, आणि मला त्यांचा राग येतो तो एवढ्याचसाठी.

मोजायची त्यांची पद्धत साधी होती. तळ्यात त्यांनी बाभळीची एक काठी रोवली होती आणि तिच्यावर वीत-वीतभर अंतराने खाचा केल्या होत्या. शिवाय काठावरच्या कातळात एक खळगा होता. होळीच्या दिवशी टिटवीबाई तळ्यात बसून पोटाची पिसं भिजवायच्या, उडत यायच्या आणि खळग्यात पिसं झटकायच्या. असं करत दोन दिवसांत खळगा काठोकाठ भरायचा. मग त्याच्याभोवती काट्यांचं कुंपण. त्यात कुणी तोंड घालायचं नाही. म्हणजे खळग्यातलं पाणी फक्त ऊन पिणार. महिन्याभरात खळगा एक वीत उतरला, तर उन्हाने तळ्यातलंही एक वीतच प्यायलेलं असणार. जंगलातले सगळे प्राणी मिळून प्यायचे दोन बोटं.

पण तळं तीन विती उतरत होतं. एक-दोन वर्षं नाही, सलग आठ वर्षं. बरोबर कधीपासून, तर टेकडीपलीकडे गवेसाहेबांचं कुरण तयार झालं तेव्हापासून. ते कुरण वैशाखातही हिरवंगार असतं, असं म्हणत. पलीकडे जायला बंदी होती, त्यामुळे पाहिलं कुणीच नव्हतं. साहेबांची पुण्याई, एवढंच प्राणी म्हणायचे आणि गवेसाहेबही नम्रपणे मान खाली घालायचे.

दर गुरुवारी सकाळी जांभळीखाली टिटवीबाईंची पाणीशाळा भरायची. यायचं कोण? दोन गोगलगायी नेमाने यायच्या, म्हणजे निघायच्या, आणि वर्ग सुटेपर्यंत पोचायच्या. एक म्हैस सावलीला बसायची. आणि घोरपडआजी यायची, पण तिचं येणं वेगळ्या कामासाठी.

घोरपडआजी अंडी वाचायची. बोरमाळात फार जुनी समजूत होती की टिटवीने अंडी उंच जागी घातली तर पाणी मुबलक आणि सखल जागी घातली तर टंचाई. अंडी कुठे आहेत ते पाहून जंगलाला सांगायचा मान घोरपडीच्या घराण्याकडे होता. या घराण्याने पूर्वी टिटव्यांची अंडी पिढ्यान् पिढ्या खाल्ली, मग वाचायला घेतली. अनुभव दांडगा होता.

"आजी, इकडे बघा," टिटवीबाई काठी दाखवत म्हणायच्या. "ऊन पितं एक वीत. आपण सगळे मिळून पितो दोन बोटं. मग उरलेलं पाणी जातं कुठे?"

"त्ये काठीचं ऱ्हाऊ द्या वो बाई," आजी म्हणायची. "औंदा अंडी कुठं घालनार, तेवढं बोला."

"अहो, माझ्या अंड्यांना त्यातलं काही कळत नाही. पाणी जिथे असेल त्याच्या काठाला मी घालते. तळं भरलेलं असलं की काठ वर असतो, आटलं की खाली येतो. एवढंच आहे ते."

"त्येच म्हंते मी. अंड्यास्नी कळतंय, तुमास्नी कळत न्हाई. शिकल्यावर व्हतं आसं."

म्हैस मान हलवायची. गोगलगायी अजून वाटेतच असायच्या.

त्या वर्षी फाल्गुनात टिटवीबाईंनी चार अंडी घातली. काठीची शेवटून दुसरी खाच उघडी पडली होती. जिथे आजवर कोणत्याही टिटवीने अंडी घातली नव्हती, जिथे दरवर्षी मासे पोहायचे, तिथल्या वाळूत त्यांनी खडे रचले आणि मध्ये अंडी ठेवली.

त्यांचे यजमान टिटवा हे गरीब स्वभावाचे पक्षी. ते म्हणाले, "अहो डॉक्टर, जरा वरच्या अंगाला घातली असती तर? उगाच चर्चा होईल."

"पाणी खाली आहे. मी वर जाऊन काय करू?"

टिटव्याने यावर विचार केला आणि तो अंड्यांवर बसला.

घोरपडआजी पाहायला आली. तिने पाहिलं आणि मट्‌कन खालीच बसली. संध्याकाळपर्यंत ती बातमी जंगलभर झाली. आठ वर्षं काठी जे सांगत होती ते चार अंड्यांनी एका दिवसात सांगितलं. हरणं घाबरली. म्हशींनी आपणहून पाळ्यांमधलं अंतर वाढवून घेतलं. आणि निवडणूक महिन्यावर आली होती.

गवेसाहेबांनी प्रसिद्धीमंत्री साळुंकीबाईंना बोलावून घेतलं. साळुंकीबाई पहाटेपासून बोलायच्या, आणि दुपारी आपण पहाटे काय बोललो होतो ते नाकारायच्या.

"पाणी खाली गेलंय म्हणतात," गवेसाहेब म्हणाले.

"छे छे साहेब. अंडी खाली गेलीत."

"मग वर करा."

हुकूम इतका सोपा होता. पण सरकार नियमाने चालणारं असल्यामुळे आधी बैठक झाली. बैठकीला कुलगुरू करकोचे सर होते. टिटवीबाई तळ्यातल्यासारख्याच खाचांची दुसरी एक काठी घेऊन आल्या होत्या. त्यांनी खाचा दाखवल्या, खळगा समजावला, एक वीत, दोन बोटं, तीन विती, सगळं सांगितलं. गवेसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "यात अंडी कुठे येतात?"

"येतच नाहीत, साहेब. अंड्यांचा पाण्याशी तसा संबंध नाही."

"हे पाहा बाई," साळुंकीबाई म्हणाल्या, "जनतेच्या श्रद्धेचा विद्यापीठाने असा अपमान करणं शोभत नाही. अंडी टेकडीवर न्यायची आहेत. शासन स्वतः नेणार आहे. तुम्हाला उचलायचीसुद्धा तसदी नाही."

"टेकडीवर झाड नाही, झुडूप नाही. चैत्रात खडक तव्यासारखा तापतो. अंडी उकडतील माझी!"

टिटवीबाई ओरडल्या. त्यांनी कुलगुरूंकडे पाहिलं. कुलगुरूंनी आपल्या पायाकडे पाहिलं.

"विद्यापीठाची भूमिका समतोल आहे," करकोचे सर म्हणाले. "अंडी खाली असावीत असं एक मत आहे, वर असावीत असं दुसरं आहे. दोन्ही मतांचा आम्ही आदर करतो. शिवाय टिटवीबाईंची नेमणूक येत्या सोमवारी संपते आहे, त्यामुळे हा प्रश्न तसा विभागाचा राहतच नाही."

अध्यादेश निघाला. बोडक्या टेकडीचं नाव बदलून 'प्रगती शिखर' ठेवण्यात आलं. अंडी हलवायला चार घुशी नेमल्या. टिटवीबाई आणि टिटवा डोक्यावर घिरट्या घालत घसा फाटेस्तोवर ओरडत होते, पण टिटवीचं ओरडणं अशुभ असतं, ते नागरिकांनी ऐकू नये, असं परिपत्रक आदल्या दिवशीच निघालेलं होतं. प्राण्यांनी कान मिटून घेतले. घुशींनी पळसाच्या पानांवरून अंडी वर नेली आणि माथ्यावरच्या सपाट खडकावर मांडली. खाली पाटी लावली: उंच अंडी, भरली हंडी.

मग घोरपडआजीला पालखीतून वर आणलं. आता इथे कुणीही विचारील की आजीला दिसलं नाही का? चार दिवसांपूर्वी तिनेच ही अंडी वाळूत पाहिली होती ना? पाहिली होती. पण अंडी कुठे आहेत एवढंच बघायचं, ती तिथे कशी आली हे बघायचं नाही, अशी त्या घराण्याची रीत होती. अंडी चालत थोडीच येतात, म्हणून तशी रीत पडली असावी. आजीने तीन वेळा जीभ बाहेर काढून हवा चाखली आणि सांगून टाकलं, "लई उंच हायेत. मी तर बापजन्मी येवढी उंच बगितली न्हाईत. पानी भरपूर."

जंगलाचा जीव भांड्यात पडला. त्याच दुपारी लोळण्याच्या पाळ्या रद्द झाल्या. 'लोळण महोत्सव' जाहीर झाला. डुकरांनी केव्हाही लोळावं, म्हशींनी कितीही डुंबावं, पाणी आपलंच आहे. ज्यांना लोळायची सवय नव्हती अशा सशांसाठी प्रशिक्षण ठेवलं होतं.

टिटवीबाईंची नेमणूक सोमवारी संपली. पण संशोधन थांबलं नाही, कारण आता ते पोटच्या अंड्यांसाठी करावं लागत होतं.

चैत्राचं ऊन चढलं की टिटवा खडकावर पंख पसरून अंड्यांवर सावली धरायचा. टिटवीबाई तळ्यावर जायच्या, पोटाची पिसं भिजवायच्या, उडत माथ्यावर यायच्या आणि ओलं पोट अंड्यांना लावायच्या. घडीभरात पिसं वाळायची. पुन्हा तळं. खळगा भरायची ही त्यांची जुनी युक्ती होती, फक्त आता खळग्यात जीव होते. प्रत्येक खेपेला त्या येताना चोचीत एक खडा आणायच्या आणि टिटवा तो अंड्यांभोवती रचायचा. संध्याकाळी मोजायचा.

"आज किती?"

"चाळीस," पहिल्या दिवशी टिटवा म्हणाला.

आठव्या दिवशी एकतीस झाले. पंधराव्या दिवशी चोवीस. तेवढंच ऊन, तेवढेच पंख, पण पाणी रोज थोडं लांब जात होतं, म्हणून खेपा कमी होत होत्या. आणि खेपा कमी झाल्या की अंडी जास्त वेळ तापत होती. टिटवीबाईंना हे गणित दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रोजचा आकडा त्या टेकडीवरच्या मातीत लिहीत.

शिवाय टेकडीवरून त्यांना एक गोष्ट दिसली, जी जांभळीखालून अकरा वर्षांत दिसली नव्हती. पलीकडे गवेसाहेबांचं कुरण पसरलेलं होतं, आणि ते खरोखरच हिरवंगार होतं. सगळ्यात दाट हिरवा पट्टा टेकडीच्या पायथ्यातून निघत होता, बरोबर तळ्याच्या दिशेच्या बाजूने. शासनाने टिटवीबाईंना स्वतःच्या खर्चाने उचलून त्यांच्या प्रश्नाच्या उत्तरासमोर बसवलं होतं.

त्यांनी खेपांचा तक्ता केला, कुरणाचा नकाशा काढला आणि कुलगुरूंना पाठवला. उत्तर आलं: "तक्ता मिळाला. अक्षर सुबक आहे."

इकडे प्राण्यांमध्ये थोडी कुजबुज सुरू झाली होती. टिटवीबाई दिवसभर ओल्या पोटाने वर का जातात? साळुंकीबाईंनी लगेच सभा घेतली. "बघा, बघा! पाणी इतकं झालंय की आता ते टेकडीवर पोचवावं लागतंय! कालपर्यंत पाणी उतारावरून खाली यायचं. आज आपल्या राजवटीत ते चढणीने वर जातंय!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून टेकडीवर ओल्या पोटाच्या दर्शनाला रांग लागली. टिटवीबाई उतरल्या की भाविक त्यांच्या पिसांना हात लावून ते बोट डोळ्यांना लावायचे. प्रत्येक जण थेंबभरच पाणी घ्यायचा. टिटवीबाई "नका हो, अंड्यांसाठी आहे, नका!" असं ओरडायच्या, पण टिटवीचं ओरडणं ऐकायचं नाही हे परिपत्रक अजून लागू होतं.

मतदान झालं. गवेसाहेबांनी शेवटच्या सभेत तेच भाषण केलं. मी कुणाला खाल्लं का? नाही. खाईन का? नाही. विरोधात उभं राहिलेल्या ढोक पक्ष्याने पाणी हा शब्द एकदा उच्चारला, तेव्हा साळुंकीबाईंनी फक्त टेकडीकडे बोट दाखवलं. गवेसाहेब मागच्यापेक्षा जास्त मतांनी आले.

निकालाच्या दिवशी सकाळीच अंडी फुटली. आदल्या दिवशी अकराच खेपा झाल्या होत्या.

तीन पिल्लं निघाली. चौथं अंडं हललं नाही. टिटवीबाईंनी त्याला पोट लावलं, चोचीने टकटक केलं, पुन्हा पोट लावलं. टिटवा म्हणाला, "अहो, पुरे." तेव्हा टिटवीबाई रडल्या. खूप रडल्या. अकरा वर्षांत कोणत्याही तक्त्यावर त्या रडल्या नव्हत्या.

साळुंकीबाईंना मात्र मुहूर्त फार आवडला. "विजयी पिल्लांची मिरवणूक काढा!" टेकडीपासून सभामंडपापर्यंत मार्ग ठरला, कमानी उभारल्या, डुकरांचं पथक वाजवायला आलं. गवेसाहेब हार घालून निघाले, मागे कुलगुरू लंगडी घालत, त्यांच्या मागे घोरपडआजी, आणि तिच्या मागे सारं जंगल. सगळ्यांच्या पुढे ती तीन पिल्लं. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की तासाभरात चालू लागतात, आणि चालू लागली की पाण्याकडे जातात.

पिल्लांना मिरवणुकीच्या मार्गाचं परिपत्रक मिळालेलं नव्हतं. पायथ्याला आल्यावर ती मंडपाकडे न वळता डावीकडे वळली. मिरवणूकही वळली, कारण पुढचा वळला की आपण वळायचं एवढं मिरवणुकीला ठाऊक असतं.

पिल्लं जुन्या काठावरून खाली उतरली. जांभळीच्या मुळांपासून, काट्यांचं कुंपण घातलेल्या खळग्याजवळून, उघड्या पडलेल्या काठीला वळसा घालून. काठीवरची शेवटची खाचसुद्धा कोरडी होती. पुढे लोळण महोत्सवाचा चिखल वाळून भेगाळला होता आणि त्यात डुकरांचे साचे उमटलेले होते. वाजवणारं पथक हळूहळू वाजवायचं थांबलं. इतकं आत कुणी चालत गेलं नव्हतं कधी. तिथे नेहमी पाणी असायचं.

तळ्याच्या अगदी मध्यावर पिल्लं थांबली. एक लहानसं डबकं होतं. डबक्याच्या कडेला, कालपर्यंत पाण्याखाली असलेलं, नीट दगड लावून बांधलेलं एक मोठं भोक होतं, आणि डबक्यातलं पाणी संथपणे त्या भोकात शिरत होतं. आतून ओल्या गवताचा वास येत होता.

तीन पिल्लांनी चोची बुडवल्या आणि ती पाणी प्यायली. बाकी कुणी हललं नाही.

घोरपडआजी पुढे झाली. जीभ बाहेर काढून तिने भोकाची हवा चाखली. मग ती वळली आणि गवेसाहेबांकडे बघत राहिली.

"साह्यब," ती म्हणाली, "खाल्लं न्हाई तुमी कुनाला, त्ये खरंच हाय. पर प्याला किती?"

असा प्रश्न बोरमाळात आधी कुणी विचारला नव्हता. म्हशी पुढे सरकल्या. हरणं पुढे सरकली. क्षणभर असं वाटलं की आता काहीतरी होणार. सांगणाऱ्यालाही वाटलं.

गवेसाहेबांचे डोळे भरून आले. "फार गंभीर प्रश्न आहे," ते म्हणाले. "इतका गंभीर की याचं राजकारण होता कामा नये. याचा अभ्यास झाला पाहिजे. आपण हा विषय विद्यापीठाकडे सोपवू."

प्राणी थबकले. विद्यापीठ म्हटल्यावर काही बोलता येईना.

"अभ्यास झालाय!" टिटवीबाई म्हणाल्या. "अकरा वर्षांचा झालाय. ही काठी, तो खळगा, हे खेपांचे आकडे..."

"तो माजी हंगामी कर्मचाऱ्याचा अभ्यास आहे," करकोचे सर म्हणाले. "नव्याने करू."

भोकाभोवती काट्यांचं भक्कम कुंपण घातलं गेलं. पाटी लागली: 'संशोधन चालू आहे. हात लावू नये.' पाणी मात्र भोकात जात राहिलं, कारण चालू प्रयोगात ढवळाढवळ करणं शास्त्रीय नसतं.

विद्यापीठाचा अहवाल चौथ्या दिवशी आला. विद्यापीठाच्या इतिहासात इतका जलद अहवाल दुसरा नाही. त्यात म्हटलं होतं की टिटवीची जागा उंच तिथे पाणी मुबलक, हे जंगलाचं मान्य शास्त्र आहे. पाणी मुबलक आहे हे सरकारने जाहीर केलेलंच आहे. आणि टिटवीचं सबंध कुटुंब सध्या तळ्याच्या तळाशी मुक्कामाला आहे. यावरून तळ्याचा तळ हाच बोरमाळातला सर्वांत उंच भाग असल्याचं सिद्ध होतं. जुना नकाशा चुकीचा होता. आधीच्या राजवटीने, म्हणजे वाघाने, तो मुद्दाम उलटा काढला होता. नव्या नकाशात प्रगती शिखर टेकडीवरून काढून तळ्याच्या मध्यभागी दाखवण्यात आलं.

नकाशावर शिक्का हवा होता. त्या दिवशी कुलगुरू करकोचे सरांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसरा पाय खाली ठेवला. चिखलात बुडवून, नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी समतोल.

पुढच्या गुरुवारी पाणीशाळा तळ्याच्या तळाशीच भरली, कारण टिटवीबाईंची पिल्लं डबकं सोडून हलत नव्हती. टिटव्याने टेकडीवरचे खडे चोची-चोचीने खाली आणले होते आणि रोजच्या खेपांप्रमाणे त्यांच्या रांगा मांडल्या होत्या. चाळिसाची रांग, एकतिसाची, चोविसाची, शेवटी अकराची. चौथं अंडंही त्याने आणलं होतं. ते त्या अकराच्या रांगेपुढे ठेवलं होतं.

त्या दिवशी सगळे आले. म्हशी, हरणं, ससे, लोळणं शिकलेले आणि न शिकलेले. कुंपणापासून हात-हात अंतरावर गर्दी बसली. दोन गोगलगायी तर सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. त्या मागच्या गुरुवारच्या वर्गाला निघाल्या होत्या.

घोरपडआजी अगदी पुढे बसली. तिने रांगांकडे पाहिलं, मग अंड्याकडे पाहिलं.

"बाई," शेवटी ती म्हणाली, "त्ये काठीचं सांगा की पुन्यांदा."

टिटवीबाईंनी काठी उचलली आणि पहिल्या खाचेपासून सुरुवात केली. ऊन पितं एक वीत. आपण सगळे पितो दोन बोटं. कुणी अंड्यांचं विचारलं नाही. म्हैस जागी होती. सगळं सांगून झाल्यावर आजीने विचारलं, "मंग आता ह्ये डबकं किती दिस पुरंल?"

"सतरा दिवस."

"आन् फुडली निवडणूक कवा हाय?"

"पाच वर्षांनी."

आजी नखांवर मोजू लागली. मोजता मोजता मध्येच थांबली आणि तिने वर पाहिलं. चारी बाजूंनी तळ्याचे कोरडे काठ भिंतींसारखे उंच उभे होते. पण नव्या नकाशाप्रमाणे सारं जंगल त्या क्षणी प्रगतीच्या शिखरावर बसलेलं होतं. तहान तेवढी लागली होती.